चाळलेली माती

धातू शोधायचं यंत्र वाजलं नाही, की कानसेन पुढचं पाऊल टाकायचे. युद्धाच्या काळात सैनिकांना नेमबाजी शिकवायला घेतलेलं ते माळरान. सैन्य गेलं, गोळ्या मातीतच राहिल्या. त्या हुडकण्यात कानसेनांची उमेदीची वर्षं गेली. हेडफोनमधली बारीक कुरकुरही त्यांच्या कानातून सुटत नसे, म्हणून हे नाव.

निशाण्यांमागचा मातीचा बांध गेल्या वर्षी चाळला. शिशाच्या गोळ्या पिंपांत गेल्या, खाली भुसभुशीत माती उरली. खडा नाही, काच नाही. कामावरच्या सगळ्यांनी ती घरी नेली. कानसेनांनीही परसात वाफे केले. सुनेने लावलेला पालक नुसता माजला.

आणि आज माळरानाची माती तपासणाऱ्या प्रयोगशाळेतल्या बाईंनी सांगितलं, "गोळ्या निघाल्या, पण शिशाचा भुगा मातीतच आहे. तुमच्या यंत्राला तो कळायचा नाही."

कानसेन यंत्र घेऊनच घरी आले. वाफ्यावरून फिरवलं. गप्प. पुन्हा फिरवलं. मग ते बाजूला टाकून पालक उपटायला लागले.

बायको धावत आली. "डोकं फिरलं का? यंत्र गप्प आहे, मग तुम्हीच का वाजताय?"

"या मातीत विष आहे. एक पान खायचं नाही."

सून दारात उभी होती. सातवा महिना. "बाबा, डॉक्टर म्हणाले हिरवं खा. आईंनी रोज हेच वाढलंय मला."

बायकोने उपटलेला पालक पायाने दूर सारला.

"माती काढाल हो," सून म्हणाली, "पोटात गेलंय त्याचं काय?"

"रक्त तपासतात. चल."

"हात तरी धुवा आधी."

दवाखान्यात नर्सने सुनेच्या दंडाला रबर बांधलं. कानसेन बसले, उठले, खिडकीशी गेले, परत आले.

"काका, फेऱ्या मारून रिपोर्ट लवकर येत नाही. परवा या."

"थोडंसं असलं तर चालतं ना?"

"ते डॉक्टर सांगतील."

ते बाहेर व्हरांड्यात आले. कामावरच्या जोडीदाराला फोन लावला. "त्या बांधाच्या मातीत भाजी लावलीस का रे?"

"छे हो, भाजी कोण करतंय! नातवंडांना खेळायला ढीग करून दिलाय. दिवसभर त्यातच लोळतात पोरं. का हो?"