दोघांची एकच रास

पदूभाऊंच्या मुलीचा फोन आला तेव्हा मी चष्मा पुसत बसलो होतो. "काका, बाबा गेले..." एवढंच ती म्हणाली. खोटं कशाला बोलू, फोन ठेवल्यावर मी सगळ्यात आधी स्वतःच्या घशाला हात लावला. आवंढा गिळून पाहिला. गेला नीट खाली. मग रडू आलं. मित्र गेल्याचं कळल्यावर आधी स्वतःचा घसा चाचपणारा माणूस मी. महिना उलटून गेला, पण त्या हाताची लाज अजून जात नाही, म्हणून हे लिहितोय.

पदूभाऊ मूळचे गोखिवऱ्याचे, पिढीजात शेतकरी. नोकरी पाणीखात्यात केली आणि पंचांग वडिलांकडून शिकले. आम्ही कोकणातून मुंबईत आणि तिथून त्यांच्या गावाजवळ वसई पूर्वेला फ्लॅट घेऊन आलेले. सहा वर्षं दर शनिवारी दहा वाजता ते बारा राशींचं साप्ताहिक भविष्य लिहिलेला कागद घेऊन आमच्याकडे यायचे. मी ते फोनवर टाइप करून गावातल्या आणि आसपासच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर टाकायचो. बोलायचे 'पानी', पण लिहायचे 'जातकांनी गुरुवारपूर्वी जलसंचय करावा'. मी चिडवायचो, "अहो, सरळ टाकी भरून ठेवा असं लिहा ना!" ते म्हणायचे, "शरदराव, साध्या शब्दाला कोन विचारतो? शनी-मंगळ बोलला की लोक उठतात." गुरुवारी पाणी खरंच यायचं नाही. जुन्या खात्यात त्यांची ओळख होती ना!

त्यांची खरी युक्ती मला पहिल्याच महिन्यात कळली. सिंह राशीत लिहिलं होतं, 'साखर तपासून घ्यावी, गोड टाळावे.' मी विचारलं, हे कुठल्या ग्रहाने सांगितलं? तर मिशीत हसले. "ग्रह कसला! आमच्या आळीतली सुनंदा सिंहेची. तोंडावर सांगितलं तर भांडाया उठते. असं वाचलं की गपचूप जाते." प्रत्येक राशीत त्यांच्या डोळ्यांसमोर कुणीतरी असायचं. मेषेत कागद न वाचता सही करणारा त्यांचा पुतण्या, मीनेत औषध विसरणारी शेजारीण. कन्या रास माझी. तिथे बहुतेक वेळा एकच... 'विनाकारण चिंता करू नये. शिंक म्हणजे आजार नव्हे.' मी मुळातच भित्रा. ज्योतिषावर आपला विश्वास नाही असं चारचौघांत सांगायचो, आणि ती ओळ टाइप केली की आठवडाभर मला शांत झोप लागायची.

मागच्या वर्षी नवरात्रानंतरच्या एका शनिवारी कागदावर कन्येपुढे लिहिलेलं होतं, 'घास गिळताना अडकत असेल तर अंगावर काढू नये. याच आठवड्यात तपासणी करावी.' माझी बोटं थांबली. पदूभाऊ खिडकीबाहेर बघत होते. हे माझ्यासाठी आहे का, असं तेव्हाच विचारायला हवं होतं, पण विचारायचीच भीती वाटली. हो म्हणाले तर? सुनंदाची साखर या माणसाने डॉक्टरच्या आधी ओळखली होती. माझ्यात त्याला काय दिसलं असेल? मी मुकाट्याने टाइप केलं आणि दुपारी जेवताना पहिलाच घास अडकला. दुसऱ्या आठवड्यात, 'चालढकल महागात पडेल.' तिसऱ्या आठवड्यात, 'अजून वेळ गेलेली नाही.' रोज आरशासमोर आ वासून बॅटरी मारून बघायचो. विम्याचे कागद कुठल्या कपाटात आहेत ते बायकोला दाखवून ठेवलं. ती वैतागली, "अहो, तीन पोळ्या आणि वर भात खाताय, कसला अडकतोय घास?" पण भीतीला कुठे डोळे असतात!

त्याच तीन शनिवारी पदूभाऊंनी आमच्याकडे पाव खाल्ला नाही. एरवी चहात बुडवून तीन-तीन खायचे. आता बशीतला पाव तसाच राहायचा, चहा मात्र घोट घोट प्यायचे. विचारलं तर म्हणायचे, "खाऊन आलोय." बायको म्हणालीसुद्धा, "पदूभाऊ वाळलेत हो." मी म्हटलं, उन्हात हिंडतात म्हणून. माझं सगळं लक्ष माझ्या घशात होतं.

शेवटी हिय्या करून दुर्बिणीची तपासणी करून घेतली. डॉक्टर म्हणाले, घसा, अन्ननलिका, सगळं स्वच्छ आहे, थोडी ॲसिडिटी आहे, कशाला घाबरलात? काय सांगणार, भविष्य वाचून? रिपोर्ट घेतला आणि रागाने तडक गोखिवऱ्याला गेलो. पदूभाऊ ओट्यावर बसले होते.

"काय हो, जीव घेतलात माझा! तीन आठवडे! काय दिसलं तुम्हाला माझ्यात?"

"तुमच्यात? तुमच्यात काय दिसनार?" मग मान खाली घालून म्हणाले, "शरदराव... मी पन कन्येचाच की."

मी तिथेच बसलो. ते हळू आवाजात सांगत होते, "सगळ्यांना लिहून सांगितलं की जातात. वाटलं, आपल्यालापन लिहू. ग्रुपवर आलं की आपनपन जाऊ. तीन वेळा लिहिलं. पाय निघाला नाय." कधीपासून, विचारलं. "गौरी-गनपतीपासून." माझा तो स्वच्छ रिपोर्ट मी पाठीमागे लपवला.

दुसऱ्या दिवशी त्यांना घेऊन गेलो. उशीर झाला होता... पुढे चारेक महिने मिळाले. बाहेरच्या बाकावर नंबरची वाट बघताना त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं होतं. सबंध गावाला धीर देणारा माणूस मला म्हणाला, "लय भ्याव वाटतं, शरदराव." मी म्हटलं, मलापण. भविष्य मात्र त्यांनी शेवटच्या आठवड्यापर्यंत लिहिलं, आणि कन्या रास पुन्हा माझ्या नावावर करून टाकली.

मला खातं ते हे, की त्यांची युक्ती माझ्याइतकी कुणालाच ठाऊक नव्हती. त्यांनी मदत मागितली ती माझ्याच हातात कागद देऊन मागितली. मी तीन वेळा ती स्वतःच्या बोटांनी टाइप केली, शंभरेक माणसांना पाठवली, आणि तिच्यात फक्त स्वतःला वाचलं.

आता शनिवारी दहा वाजता मला घरात बसवत नाही. उठतो आणि त्यांच्या ओट्यावर जाऊन बसतो. ग्रुपवर लोक विचारतात, भविष्य तुम्हीच लिहा ना आता. माझं धाडस होत नाही. वहिनी चहा करतात. गेल्या शनिवारी काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "वहिनी, तुमची रास कोणती?"

"माझी कसली रास, भावजी? मी जनमले कधी तेच कोनाला ठावं नाय."

म्हणजे सहा वर्षांत त्या बारा ओळींमधली एकही ओळ या बाईसाठी नव्हती. कप आत न्यायला त्या उठल्या आणि दाराची चौकट धरून उभ्याच राहिल्या. श्वास मोठमोठ्याने चालला होता. या वेळी माझा हात घशाकडे गेला नाही.

"वहिनी, हा दम कधीपासून लागतोय?"

"लागतो थोडा. ह्यांच्या दुखन्यात कोनाला सांगनार?"

मी त्यांच्या हातातला कप काढून घेतला. "चपला घाला. मी रिक्षा थांबवतो."

"आज नको. आज अमावास्या हाय."

"असू दे," मी म्हटलं आणि रस्त्यावर जाऊन हात केला.