नाल्याच्या पाण्यातला मारेकरी

मी तापट आहे, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. पण एका जिवाणूचा जीव घ्यायचा म्हणून दातओठ खात झोपायचं आणि दातओठ खातच उठायचं, अशी वेळ माझ्यावर धाकट्या भावाच्या पायामुळे आली.

तो वडपेला एका गोदामात लोडिंगला होता. फोर्कलिफ्टने त्याची नडगी लोखंडी खांबाला चेपली. हाड कसंबसं जुळलं, जखम मात्र चिघळली. पू तपासायला दिला तर एकही अँटिबायोटिक त्या जिवाणूला लागू पडेना. रोज ड्रेसिंग करताना नर्स जखमेतून कुजलेलं मांस खरवडून काढायची आणि मी भावाचे खांदे खाटेला दाबून धरायचे. तो मला आईबहिणीवरून शिव्या द्यायचा. मग स्वतःच रडत म्हणायचा, "ताई, सोड ना गं, लय दुखतंय." मी सोडायचे नाही.

असले जिवाणू मारणं हा तर माझा धंदाच. कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी फाजवर संशोधन करते. फाज म्हणजे जिवाणूला मारणारा विषाणू. तो जिवाणूच्या अंगाला चिकटतो, आपला जनुकांचा ऐवज आत सोडतो, आतल्या आत आपली पिलावळ वाढवतो आणि शेवटी जिवाणूला फोडून बाहेर पडतो. मला ते वाचतानासुद्धा बरं वाटायचं. औषधांना दाद न देणाऱ्या जिवाणूंसाठी असे मारेकरी शोधायचे, एवढंच आमचं काम. ते सापडतात घाणीत, कारण जिवाणूही तिथेच असतात. अडचण एकच, प्रत्येक जिवाणूला त्याचाच फाज लागतो.

भावाच्या पुवातला जिवाणू मी प्रयोगशाळेत वाढवला. रुग्णालयाच्या समितीने शेवटचा उपाय म्हणून परवानगी दिली होती. सर्जन म्हणाले, "फाज मिळाला, शुद्ध करून आणलात, तर देऊन बघू. पण विष रक्तात उतरायला लागलं तर मी थांबणार नाही. पाय गुडघ्याखाली कापावा लागेल."

मी रुग्णालयाच्या गटाराचं पाणी आणलं. मानकोलीच्या खाडीचं आणलं. त्या हरामखोराला साधा ओरखडा उठला नाही. मग उरला निजामपुऱ्यामागचा नाला. चाळींचं, दवाखान्यांचं, साइझिंगचं, सगळ्यांचं पाणी त्यात पडतं. साइझिंग म्हणजे मागावर चढण्याआधी सुताला खळ लावायचा कारखाना.

मी नाल्यात वाकून काचेची बाटली भरली आणि उभी राहते तोच मागून कुणीतरी माझी वेणी ओढली.

"पोल्युशनवाली है! पकड, बोतल पकड!"

बघता बघता साइझिंगमधले कामगार गोळा झाले. प्रदूषणवाल्यांनी याच नाल्याचं पाणी तपासायला नेलं होतं आणि शेजारच्या कारखान्याला टाळं लागलं होतं. हातात बाटली घेऊन नाल्याशी वाकलेली बाई दुसरी कोण असणार? एक गावचा म्हातारा ओरडला, "पानी न्यायचं न् गरिबाच्या पोटावर पाय द्यायचा! दुसरा काय काम हाय यांना?"

मी ओरडले, "अरे, भावासाठी नेतेय! त्याचा पाय सडलाय!"

सगळे हसले. "भाई को गटर का पानी पिलाएगी क्या?"

त्या हसण्याने माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पुढच्याने बाटलीला हात घातला, मी त्याच्या मुस्कटात मारली. त्याने मला मारली. कानात शिट्टी वाजल्यासारखं झालं. मी बाटली पोटाशी धरून खाली बसले, तशा पाठीत लाथा बसायला लागल्या. कुणीतरी बोटं मुरगळली. बाटली दगडावर फुटली, पाणी माझ्या अंगावर सांडलं आणि काच तळहातात घुसली. रक्त बघून मात्र सगळे पांगले. म्हातारा तेवढा उभा होता. "जा पोरी घरा," म्हणाला.

मी घरी गेले नाही. ओढणी चिंब भिजली होती, ती तशीच गुंडाळून प्रयोगशाळेत गेले. हाताला फडकं बांधलं, ओढणी पिळली आणि ते काळं पाणी गाळून भावाच्या जिवाणूत सोडलं. दुसऱ्या दिवशी जिवाणू वाढवायच्या प्लेटवर त्यांचा दुधट थर पसरला होता आणि त्यात गोल गोल स्वच्छ भोकं पडली होती. तिथे एकही जिवाणू जिवंत नव्हता. मी टेबलावर मूठ आपटत किंचाळले. माझ्या गाइडबाई धावत आल्या आणि मला मिठी मारून रडल्या.

फाज शुद्ध करायला घेतला. ते अर्ध्यावर असतानाच भावाला थंडी भरली, रक्तदाब कोसळला. सर्जननी फोन केला. मी त्यांना नाही नाही ते बोलले. त्यांनी ऐकून घेतलं आणि पाय कापला. त्यांचं बरोबर होतं. भाऊ वाचला, तरी मला त्या माणसाचं तोंड बघवत नव्हतं.

शुद्ध फाज तयार झाला तेव्हा भाऊ घरी आला होता. मी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तो जंतू अजून जित्ता हाय का तुझ्याकडं?"

"आहे. जपून ठेवलाय."

"मला मारायचाय. माझ्या हातानं."

गाइडबाईंनी नियम बाजूला ठेवून हो म्हटलं. तो कुबड्यांवर आला. त्याला अंगरखा, मास्क, हातमोजे चढवले. मी त्याच्याच जिवाणूची ताजी प्लेट पुढे ठेवली आणि फाज भरलेलं पिपेट हातात दिलं. त्याने जबडा आवळून, थेंब थेंब सोडत सगळी प्लेट भिजवली. एवढ्या रागाने कुणी विषसुद्धा ओतत नाही.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. प्लेट काचेसारखी नितळ झाली होती. त्याने ती उजेडात धरली, फिरवून फिरवून पाहिली.

"सगळा मेला?"

"सगळा."

"मस्त मारलाय," तो म्हणाला. प्लेट माझ्या हातात ठेवली आणि दुमडून पिन लावलेल्या पँटकडे बघत म्हणाला, "आता माझा पाय दे."