बर्फमामांची बाटली

अख्ख्या गल्लीत बर्फमामांचा आवाज मोठा. पण गार पाण्याच्या बाटलीजवळ ते कुजबुजत. कोल्हापुरातल्या एका बर्फाच्या कारखान्यात ते मिस्त्री होते. आम्ही शेजारी, तरी मला पुण्याला नोकरी लागल्यापासून ते मला ‘पावणं’ म्हणत.

मी ध्रुवांवरच्या ढगांचा अभ्यास करतो. तिथे न जाता, संगणकावर. एका सुट्टीत मी त्यांना ऐटीत सांगितलं, की शून्याखाली ढगातलं पाणी बर्फ होतं आणि मी तसंच गणित मांडलंय. “कुणी सांगितलं? चला कारखान्यात.” बॅटरीत घालायच्या शुद्ध पाण्याची बाटली त्यांनी खाऱ्या पाण्याच्या गार टाकीत सोडली होती. शून्याच्या सहा अंश खाली, आणि आत पाणीच! मामांनी टिचकी मारली, तशी ती पांढरीफटक झाली. “नुसत्या गारठ्यानं भागत न्हाय, पावणं. निमित्त लागतंय की.”

मी ते गंमत म्हणून सोडून दिलं. पुढची तीन वर्षं माझे ढग चुकत राहिले. ते लगेच गोठायचे. बर्फाचा एकेक कण शेजारच्या थेंबांची वाफ ओढून फुगायचा आणि खाली गळायचा. ढग विरळ, आणि समुद्रावर नको तितकं ऊन. खऱ्या ध्रुवीय ढगांत पाणी वीस अंश खालीही टिकतं, कारण तिथल्या स्वच्छ हवेत गोठायला निमित्त देणारी धूळ कमी. मामांचं म्हणणं गणितात घातलं, तेव्हा कुठे माझे ढग टिकले.

कोल्हापुरातल्याच एका कॉलेजात माझा सत्कार ठरला. व्याख्यानात बाटली दाखवा, अशी गळ मीच मामांना घातली. मीठ-बर्फाची पेटी मांडीवर धरून ते रिक्षातून आले. “हळू रं! पोटुशी बाई बसलीया समज,” असं रिक्षावाल्याला प्रत्येक खड्ड्याला. मग शाल, नारळ, फेटे, चार पाहुण्यांची भाषणं. मामा दोनदा म्हणाले, “बाटली आता घ्या की!” मी हातानेच थांबवलं. तेवढ्यात हार ठेवायला जागा हवी म्हणून शिपायाने पायाने पेटी सरकवली.

मामांनी बाटली काढली. आत गच्च बर्फ.

“मामा, बर्फ आमच्या फ्रीजमध्ये पण हाय की!” मागून कुणीतरी ओरडलं. सभागृह हसलं. मामांनी माझ्याकडे पाहिलं. एक वाक्य पुरे होतं: हे मला यांनी शिकवलं. मी म्हणालो, “असो, पुढे जाऊ.” आणि ती सगळी गोष्ट मलाच सुचल्यासारखी सांगितली.

बाहेर ते एवढंच म्हणाले, “जरा आधी घ्यायला पायजे हुतं, पावणं.” आवाज बाटलीजवळचा, हळू. त्याच वर्षी ते गेले.

आता मी घरच्या फ्रीजरमध्ये बाटल्या ठेवतो. एखादी दार उघडताना गोठते, एखादी उचलताना. चिडचिड होते. परवा कोल्हापुरात एक टिकली. मामींना सगळं खरं सांगायचं ठरवून, श्वास रोखून, ती शेजारी घेऊन गेलो. मामींनी दार उघडलं. “या की, पावणं!” माझ्या हातातली बाटली पांढरी झाली.

“काय काम काढलंसा?” मामींनी विचारलं.

“काही नाही,” मी म्हणालो. “सहज आलो होतो.”