सातवं कलम ठरेपर्यंत

दौंडला माझं झेरॉक्स-टायपिंगचं दुकान आहे. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या कुठल्याही कमिटीत मला घेतात ते माझ्या श्रद्धेमुळं नव्हे, प्रिंटरमुळं. त्यामुळं किस्से साठत जातात. झेरॉक्सला गर्दी असली की एखादा सांगतो, लोक पोट धरून हसतात, मीही हसतो. मग शटर ओढताना वाटतं, अरे, हे काय सांगत बसलो आपण? लाज वाटत नाही का? वाटते. तरी दुसऱ्या दिवशी परत सांगतो.

भानगड अशी. आमच्या पंथाचा एक 'विश्वासाचा अंगीकार' आहे, म्हणजे आपण नेमकं काय मानतो त्याची कलमं. दर रविवारी उपासनेत उभं राहून सगळे ती एका सुरात म्हणतात. ती जुनी झाली, सुधारायची आहेत, आपापलं मत कळवा, असं वरून आलं. पहिली सहा कलमं आम्ही चहा गार व्हायच्या आत पास केली. सातव्यावर गाडी अडकली ती अडकलीच. त्यात एवढंच होतं, की प्रभू आजही आजाऱ्यांना बरं करतो.

शमुवेल आप्पा म्हणाले, "एवढ्यानं भागत न्हाई. पुढं घाला, विश्वास असला तर औषध लागत न्हाई." आप्पा मांडवगण फराट्याचे, ऊसवाले. प्रार्थनेला बसले की उठायचं नाव नाही. दानिएल सर म्हणाले, "पुढं घाला, डॉक्टर आणि औषध हेसुद्धा प्रभूचंच दान आहे." सर हायस्कूलमधून रिटायर झालेले, पण समोरच्याला उभं करून प्रश्न विचारायची सवय गेलेली नाही. तिसरे आमचे पास्टर, पहिल्याच नेमणुकीवर आलेले, दोघांनाही सारखेच घाबरणारे. आणि टायपिंगला मी. झाली कमिटी.

*

सुरुवातीच्याच एका मीटिंगला आप्पा शास्त्र, म्हणजे बायबल, उघडून उभे राहिले. "आता पुरावाच देतो," म्हणाले. पान काढलं. पुस्तक लांब धरलं, जवळ आणलं, परत लांब धरलं. चष्मा घरी राहिलेला.

सरांनी शांतपणे आपला चष्मा काढून पुढं केला. "घ्या आप्पा. डॉक्टरनंच दिलाय, पण बघा, चालतोय का."

आप्पांनी घेतला, डोळ्यांवर चढवला, आणि अख्खा उतारा खणखणीत आवाजात सरांच्या विरोधात वाचून काढला. चष्मा परत देताना म्हणाले, "नंबर बराय तुमचा."

*

एकदा मीटिंग फार चढली. टेबल आपटणं वगैरे झालं. पास्टर म्हणाले, पाच मिनिटं ब्रेक घेऊ. मी पाणी प्यायला मागच्या खोलीत गेलो, तर माठापाशी आप्पा आणि सर एकमेकांकडं पाठ करून उभे. दोघांच्याही तळहातावर गोळी. बीपीची.

सर वळले आणि बघतच राहिले. "आप्पा, तुम्हीसुद्धा?"

आप्पा कसनुसं हसले. "मी अजून त्या विश्वासाला पोचलो न्हाई, सर. म्हणून तर कलमात घाला म्हणतोय. लिवलेलं असलं म्हंजी माणूस कवातरी पोचतो."

सरांनी तांब्या भरून आप्पांच्या हातात दिला. दोघांनी गोळ्या घेतल्या, आत आले आणि जिथं सोडलं होतं तिथूनच पुन्हा भांडायला लागले.

गोळ्यांचा विषय आत कुणीच काढला नाही. म्हाताऱ्या माणसाला चारचौघांत कशाला उघडं पाडायचं, असं मला वाटलं, सरांनाही तसंच वाटलं असणार. मोठा मोठेपणा केला आम्ही.

*

कलम ठरेना, पण रविवार तर दर आठवड्याला यायचा. अंगीकार म्हणता म्हणता सातव्यापाशी आलं की आप्पांची माणसं आप्पांचं वाक्य जोडायची आणि सरांची माणसं सरांचं. आधी हळू, मग कोण जास्त मोठ्यानं ते. आमच्यात पूर्वीपासून पुरुष डावीकडं आणि बायका उजवीकडं बसायच्या. ती पद्धत या कलमानं मोडली. आता डावे बाक आप्पांचे, उजवे सरांचे. कित्येक नवरा-बायको आयुष्यात पहिल्यांदा एका बाकावर बसले, आणि लग्न ठरत आलेली दोन जोडपी कायमची फुटली.

अशात पुण्याहून आमच्या पंथाचे अधीक्षक साहेब पाहुणे आले. मी मनात म्हटलं, आज काही खरं नाही. सातवं कलम आलं. डावीकडून एक, उजवीकडून एक, खिडक्यांच्या काचा हलतील असा आवाज. पोरांनी कान झाकले.

उपासना संपल्यावर साहेबांनी पास्टरांचा हात हातात घेतला. "दोन बाजूंनी म्हणायची तुमची ही पद्धत फार आवडली. इतर मंडळ्यांनाही सांगतो."

पास्टर म्हणाले, "आमेन."

हा किस्सा दुकानात सगळ्यात जास्त चालतो. इथवर आलो की मी थांबतो आणि गिऱ्हाइकाचे पैसे घेतो. पुढचं सांगत नाही.

*

मधल्या रांगेत एकच बाई बसायची, रत्नामावशी. वडगाव रासाईहून दोन गाड्या बदलून यायच्या. दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाणारी बाई, शुगर झालेली. सातवं कलम आलं की त्या फक्त जुनं वाक्य म्हणायच्या आणि गप्प व्हायच्या.

आप्पांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. मनापासून केली, रडून केली, हे मी बघितलंय. मावशींनी गोळ्या सोडल्या आणि पुढच्याच रविवारी उभं राहून साक्ष दिली, "मला बरं वाटतंय." डावीकडचे बाक टाळ्यांनी दणाणले. सर मीटिंगमध्ये म्हणाले, रिपोर्ट नसलेली साक्ष आम्ही धरणार नाही. मग त्यावर चर्चा. साक्ष धरायची की नाही, धरली तर कलमाला आधार म्हणून जोडायची की नाही. मावशी गोळ्या घेतात का, हे कुणी विचारलं नाही. सरांनीही नाही. त्यांना मुद्दा जिंकायचा होता. मला टाइप करायचं होतं.

मग उसाच्या रानात मावशींच्या पायाला लागलं. चपला दाराबाहेर काढायची आमच्यात पद्धत, त्यामुळं त्यांच्या पायाला गुंडाळलेलं फडकं सगळ्यांना दिसायचं. दर रविवारी ते मोठं होत गेलं. शेवटी शेवटी वासही यायला लागला. मधल्या रांगेलगतच्या बाकांवरही कुणी बसेना.

एका रविवारी दारातच त्यांनी पास्टरांना थांबवलं. "पास्टर, पाय काय भरून येत न्हाई. गोळी परत चालू करू का?"

पास्टरांनी आधी आप्पांकडं बघितलं, मग सरांकडं. दोघंही तिथंच आपापल्या चपला शोधत होते.

"मावशी," पास्टर म्हणाले, "सातव्या कलमाचं ठरू द्या. मग सांगतो."

"बरं," म्हणाल्या आणि भिंतीला धरत धरत पायऱ्या उतरल्या.

सर मला म्हणाले, "संजू, हा मुद्दा मीटिंगला घ्यायचा." आप्पा म्हणाले, "घ्याच." मी मान डोलावली. पुढची मीटिंग पास्टरांच्या गावच्या लग्नामुळं पुढं गेली.

*

शिरूरच्या दवाखान्यात मावशींचा पाय गुडघ्याखाली काढला. आम्हाला कळलं ते ऑपरेशन झाल्यावर.

सरांच्या गाडीतून चौघं निघालो. चौफुल्यावरून न्हावऱ्याच्या रस्त्यानं शिरूर गाठलं. आप्पांच्या हातात प्रार्थनेच्या तेलाची बाटली होती, सरांच्या हातात सफरचंदांची पिशवी. या दोघांना इतका वेळ गप्प बसलेलं मी कधी बघितलं नव्हतं. मला खरं सांगायचं तर गाडी कुठंतरी बंद पडावी असं वाटत होतं.

मावशी उशीला टेकून बसल्या होत्या. आम्हाला बघून त्यांनी डोक्यावर पदर घेतला आणि चादर ओढून पाय झाकायला गेल्या. जिथं पाय नव्हता तिथंही झाकलं.

"एवढ्या लांब कशाला आला ओ," म्हणाल्या. मग आप्पांकडं वळल्या. "आप्पा, माझाच विश्वास कमी पडला. तुमी एवढं रडून मागितलं. माझ्यामुळं मंडळीला खाली बघायची येळ आली."

आप्पांनी तेलाची बाटली हळूच खिशात सारली. सर खिडकीतून बाहेर बघत होते. पास्टर म्हणाले, "मावशी, असं नका बोलू."

तेवढ्यात नर्स आली. इंजेक्शनं चालूच होती, शुगरची गोळी आजपासून सुरू करायची होती. तिनं गोळी मावशींच्या तळहातावर ठेवली आणि पाण्याचा ग्लास पुढं केला. "घ्या मावशी."

मावशींनी मूठ मिटली. घेतली नाही. आधी आप्पांकडं बघितलं, मग सरांकडं, मग पास्टरांकडं.

"कलमाचं ठरलं का ओ?" त्यांनी विचारलं. "न्हाई, म्हंजी... घेऊ का गोळी?"