सरांचा अर्क, लॅबचं फिनाईल

“फिनाईलचं तुला बरं माहीत. घरचाच धंदा ना!”

सर म्हणाले आणि मीटिंगमधले सगळे हसले. शेजारच्या टेबलावरची मॅडमही हसली. ती रोज मला आपल्या डब्यातली भाजी वाढायची. माझ्या डब्याला तिनं कधी हात लावला नव्हता.

भोसरीतली छोटी खासगी लॅब. स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी वाढवायच्या, त्यांच्यावर सरांनी काढलेला पाल्याचा अर्क टाकायचा, किती मेल्या ते मोजायचं, हे माझं काम. पेशी पटापट मरत होत्या. सर हवेत होते. मी एवढंच म्हणाले होते, “सर, इतक्या कडक डोसला काहीही मरेल. फिनाईल टाकलं तरी. एकदा निरोगी पेशींवर टाकून बघू.” त्याचं हे उत्तर.

आई महापालिकेत झाडूवाली. निगडीत बंगल्यांपुढचे रस्ते झाडते. कॉलेजात मी ती क्लार्क आहे म्हणून सांगायचे. सरांनी मुलाखतीत आधी आडनाव विचारलं, मग आईचं काम. तिथं खरं बोलले होते.

संध्याकाळी आईला सगळं सांगितलं. भाकरी थापताना तिचा हात थांबला नाही.

“मग खोटं काय बोलला तो? झाडू, फिनाईल माझं कामच हाय. तुला लाज कुणाची वाटली, त्याची का माझी?”

 जेवण होताच मी वही काढली आणि प्रयोगाची आखणी केली.

पुढच्या आठवड्यात मी बारीक खळग्यांची प्लेट लावली. कर्करोगाच्या पेशी आणि निरोगी पेशी. दोन्हींच्या काही खळग्यांत सरांचा अर्क, काहींत लॅबच्या मोरीतलं फिनाईल, पाणी घालून; काही तसेच ठेवले. मग रंग घातला. जिवंत पेशी जांभळ्या होतात. ज्यांच्यावर काहीच टाकलं नव्हतं, फक्त त्याच गर्द जांभळ्या झाल्या. बाकी सगळं पांढरंफट्ट. निरोगीसुद्धा.

चाकणहून औषध कंपनीचे लोक आले त्या दिवशी सर सांगत होते, “हा अर्क आला की बायकांना किमोची गरजच नाही.” मी प्लेट त्यांच्यापुढे ठेवली.

“यात फिनाईल पण आहे. अर्क कुठला, ओळखा.”

पाहुण्यांना ओळखता आलं नाही. सरांनाही नाही. एवढा मोठा शास्त्रज्ञ, स्वतःचा शोध ओळखू येईना!

पाहुणे गेल्यावर सरांनी केबिनमध्ये बोलावलं. रिपोर्ट पुढे सरकवला. त्यात निरोगी पेशींबद्दल एक शब्द नव्हता.

“सही कर. नोकरी राहील.”

“निरोगी पेशी मेल्या, हे लिहा. मग करते.”

“तुम्हा लोकांना संधी दिली की हे असं!”

ज्याला मी तीन वर्षं उभी राहून नमस्कार करत होते, तो हा माणूस. मला रडू आलं नाही, किळस आली. ॲप्रन काढला, त्याच्या टेबलावर टाकला आणि निघाले.

सर थांबणार नाहीत. सही करणारं कुणी मिळेलच, शेजारची मॅडम आहे की. त्या अर्काची पहिली बाटली दुकानात दिसली, की अन्न-औषध खात्याकडे माझी तक्रार जाईल. निनावी नाही, माझ्या नावानं. चौकशीला बोलावतील तिथं जाईन. त्या अर्कावर विसंबून एकाही बाईला मी उपचार सोडू देणार नाही.