लाभार्थी इनास

इनास गेल्याचा फोन आला तेव्हा मी वसईच्या बाजारात केळफूल निवडत होतो. ते तसंच ठेवलं, रिक्षा केली आणि गिरीजला त्याच्या घरी आलो... शाळेत एका बाकावर बसलेला मित्र. झोपेतच गेला, रोझीवहिनी म्हणाल्या. रडू आलंच, पण त्यासोबत एक किळसही वर आली आणि दीड महिना झाला तरी ती खाली बसत नाही. आज लिहूनच टाकतो.

इनासची वाडी म्हणजे सगळं एकात एक. वर माड, खाली केळी, केळीच्या सावलीत पानवेल, उरलेल्या जागेत अळू. आजूबाजूला भराव पडत होते, इमारती उठत होत्या, आणि जमिनीचे दलाल याला रविवारी मिस्सा संपल्यावर चर्चच्या फाटकातच गाठायचे. म्हणून फळबागेच्या अनुदानाची योजना आली तेव्हा हा हुरळला. पैशासाठी नव्हे. "सरकारी दप्तरात बाग म्हणून लागली ना, की हात लावायची कुणाची छाती होणार नाय," म्हणाला. मलाही ते पटलं होतं.

पाहणीला आलेल्या साहेबांना मात्र वाडी दिसेचना. मिश्र पीक चालत नाही, ओळीत खड्डे हवेत, मध्ये काही नको. इनासने स्वतःच्या हाताने केळी उपटल्या, पानवेलीचा मांडव मोडला. त्या खड्ड्यांत त्याला नवे माडच लावायचे होते, कारण आमच्याकडच्या साचल्या पाण्यात तगतो तो माडच. "माडाची रोपं संपली, आंब्याची कलमं घ्या." घेतली. मग पत्र्याचा निळा बोर्ड आला. वर योजनेचं ठसठशीत नाव आणि खाली 'लाभार्थी' म्हणून इनासचं. शेजारच्या भरावामुळे त्या पावसाळ्यात पाणी वाडीतून हललंच नाही आणि कलमं मुळापासून कुजली. ओटीवर बसलं तरी वास यायचा.

पुढच्या वर्षी साहेब जिवंत झाडांचे फोटो काढायला आले. इनासने कुजलेल्या काटक्या दाखवल्या. साहेबांच्या कपाळावर आठीसुद्धा नाही. कुंपणापाशी शेजाऱ्याचा आंबा होता. त्याच्या फांद्या मोडल्या, खड्ड्यांत खोचल्या आणि इनासला बोर्डाजवळ उभं केलं. "हसा जरा, काका." बाग दप्तरातून कटू नये म्हणून हा हसला. त्या रविवारी मिस्सेत तो कम्युनियन, म्हणजे फादरांच्या हातून जिभेवर प्रसादाची भाकर, घ्यायला उठला नाही. त्यानंतर कधीच नाही. फादरांनी समजावलं, पाप तुझं नाही म्हणून. ऐकेना. "मोडक्या फांदीशेजारी उभा राहून हसलोय रे मी. आता तेच तोंड देवापुढे उघडू?" मला म्हणाला. फांद्या खोचणारे साहेब सुखात असतील, त्यांना कसला आलाय देव...

मागच्या आठवड्यात मी वाडीत असताना नवा साहेब आला. यंदाचा फोटो हवा होता. वहिनींनी सांगितलं, ते वारले. तो "अरेरे" म्हणाला, मोबाइल काढला आणि माझ्याकडे वळला. "काका, तुम्ही उभे राहा. टोपी खाली ओढा, चेहरा नाय दिसला तरी चालतं." फांदीसारखा मला खोचत होता तो, इनासच्या जागी!

"फोटो नसेल तर बाग कटेल, मावशी."

"कटू दे," वहिनी म्हणाल्या. "भाऊजी, याला फाटक दाखवा."

त्याच संध्याकाळी त्यांनी बोर्ड उपटला आणि कोंबड्यांच्या खुराड्यावर आडवा टाकला. विहिरीकाठी केळीचं एक बेट इनासने साहेबांच्या नजरेतून वाचवलं होतं, त्याचे कोंब काढून खड्ड्यांत लावले. दलाल आता त्यांना फाटकात गाठतात. त्या चालत राहतात.

काल गेलो तर कोंबड्यांनी बोर्डावर चढून तो पुरता घाण करून ठेवला होता. योजना दिसत नव्हती, लाभार्थीही नाही. मला बघवेना. मी फडकं भिजवलं. वहिनी केळीला पाणी घालत होत्या. मागे न बघता म्हणाल्या,

"यांच्या नावावरची घाण तेवढी पुसा, भाऊजी. बाकीची राहू द्या."