संत दोनातोची डावी पुढची जागा

रोक्काफ्रेद्दा गावात सपाट जागा एकच, चर्चसमोरचा चौक. बाकी गाव उभं आहे. हातातून लिंबू सुटलं की ते थेट खालच्या कब्रस्तानापाशी सापडतं. माणसंही शेवटी त्याच वाटेने जातात.

ओरेस्ते अडुसष्ट वर्षांचा, काम सोडलेला गवंडी, गावातला सर्वांत बुटका पुरुष. त्याला वर्षातून एकच दिवस किंमत असे. सात ऑगस्टला आठजण संत दोनातोचा लाकडी पुतळा खांद्यावर घेऊन खालच्या झऱ्यापर्यंत नेतात आणि परत आणतात. दोन दांडे, दांड्याला चौघे. डाव्या दांड्याची पुढची जागा ओरेस्तेची, त्याआधी त्याच्या बापाची. बापाने मरताना घर थोरल्याला दिलं, द्राक्षमळा मुलीला आणि ओरेस्तेला ही जागा. ओरेस्तेला यात फसवणूक दिसली नाही. त्याच्या बायकोला, असुंताला, दिसली.

त्याच्यामागे, दांड्याच्या मधोमध, खाटीक क्विंतो आणि त्याचा मेहुणा एल्वियो. या दोघांचं कण्हणं गावभर प्रसिद्ध होतं. बायका हळहळत आणि वाइनचा पहिला पेला त्यांनाच देत. सर्वांत मागे नात्सारेनो. तो फेब्रुवारीत वारला आणि राहिले सात.

चार गावांना मिळून असलेला एकमेव फादर अत्तिलियो बारमध्ये ओरेस्तेला म्हणाला, "रेमोचा तीनचाकी टेम्पो आहे की."

"त्यात तो कांदे आणतो."

"धुऊन घेऊ."

"संत कांद्याच्या टेम्पोतून? फादर, माझा बाप थडग्यातून उठून येईल."

"येऊ दे. मग आठ होतील."

त्या वेळी बारच्या कोपऱ्यातून वीबे म्हणाला, "मी येऊ?"

वीबे सहा वर्षांपूर्वी हॉलंडहून आला आणि मेलेल्या पाल्मिराचं घर घेऊन एकटाच राहिला. तिकडे तो कालव्याचे दरवाजे उघडायची नोकरी करायचा. उंची साडेसहा फूट. गाव त्याला लांब्या म्हणे. सहा वर्षांत त्याचं डोकं गावातल्या प्रत्येक चौकटीला एकदा तरी आपटलं होतं. एवढं सोडलं तर गावाशी त्याची ओळख बेताचीच होती.

एल्वियो म्हणाला, "तू खांदा दिलास तर संत सांडेल, लांब्या."

"उतारावर नाही सांडणार." वीबेने पावाची सुरी तिरकी धरली. "उतरताना पुढचा माणूस खालच्या अंगाला असतो. तिथे उंच लावायचा, बुटका मागे. मग संत सरळ राहतो. चढताना उलट."

पिढ्यान् पिढ्या संत पुढे कलून चालला होता आणि लोक म्हणत, बघा, आपल्यावर दया करून वाकलाय. हे साधं गणित कुणालाच सुचलं नव्हतं, कारण सरळ काय असतं हे गावात कुणी पाहिलंच नव्हतं. मग सगळ्यांनी एकदम ओरेस्तेकडे पाहिलं.

उतरताना बँड असतो, सज्जांवर माणसं असतात. परतताना सगळे जेवायला गेलेले असतात. चढण बघायला कुत्री उरतात.

"माझ्या बापाची जागा आहे ती," ओरेस्ते घरी म्हणाला.

असुंता घेवडे सोलत होती. "तुझ्या बापाने ती तुला दिली, कारण ती विकता येत नव्हती."

"परक्याला देऊ?"

"मग कांद्यांना दे."

दुसऱ्या दिवशी ओरेस्ते वीबेच्या दारात उभा राहिला. त्याच्या पायांकडे बराच वेळ बघून म्हणाला, "सात तारखेला बूट घालून ये. या चपलांत तू समुद्रावर निघालेला दिसतोस."

सात तारखेला डावीकडे पुढे वीबे, उजवीकडे पुढे रेमो, वीबेच्या उंचीला यायला खांद्यावर दोन उशा बांधून. सपाट चौकात संत मागे कलला आणि आभाळाकडे पाहू लागला. सज्जातून नव्वदीची फिलोमेना म्हणाली, "एवढ्या वर्षांत आज मान वर केली मेल्याने." उतार लागला तसा संत सरळ झाला.

सर्वांत मागे ओरेस्ते. एकेचाळीस वर्षं पुढे चालल्यामुळे त्याने मिरवणुकीत संताची पाठ कधी पाहिलीच नव्हती. पाठ कोरलेली नव्हती. नुसता ओंडका होता, वाळवीने खाल्लेला.

"काय रे ओरेस्ते," कुणीतरी वरून विचारलं, "ढकलतोयस का?"

ओरेस्तेच्या डोळ्यांत घाम जात होता. निदान लोकांना तो घाम वाटला.

झऱ्यापाशी बँड पांगला. जागा बदलल्या. ओरेस्ते पुढे आला, वीबे मागे गेला. चढणीला लागताच दांड्याचा पुढचा सगळा भार ओरेस्तेच्या खांद्यावर आला. मधले दोघे कण्हत होते. ऐकायला एक कुत्रं होतं.

अर्ध्या वाटेवर मागून धापा टाकत वीबे म्हणाला, "ओरेस्ते, हे मधले दोघे काही उचलतायत का?"

कण्हणं थांबलं.

ओरेस्तेने मान वळवली नाही. "कधीच उचललेलं नाही," तो म्हणाला. "तू चालत राहा. आणि हे आपल्या गावाबाहेर बोलायचं नाही."

दहा पावलांनंतर कण्हणं पुन्हा सुरू झालं.